शाळेत मुलांचं मन सांभाळायचं कुणी?

२०१५ साली बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७५ सरकारी माध्यमिक शाळांचे तीन गट पाडले गेले. कुठली शाळा कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ठरलं. त्यात ना मुख्याध्यापकांचा आग्रह, ना संशोधकांची सोय. पहिल्या गटातल्या प्रत्येक शाळेत एक नवा माणूस रुजू झाला. तो शिक्षक नव्हता, डॉक्टर नव्हता, मानसशास्त्राची पदवी घेतलेला समुपदेशकही नव्हता. थोडं प्रशिक्षण घेतलेला साधा माणूस, आणि काम एकच: शाळेतलं वातावरण आणि मुलांचं आरोग्य. प्रयोगाचं नाव ‘सेहर’, म्हणून त्याला ‘सेहर मित्र’ म्हणत. दुसऱ्या गटात कार्यक्रम तेच, पण ते राबवायचे शाळेतल्याच एका शिक्षकाने, आपलं शिकवणं सांभाळून. तिसऱ्या गटात नवं काहीच नाही. बिहारमध्ये आधीपासून चालत आलेला जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम तेवढा होता, आणि तो तसा तिन्ही गटांत होता.

आठ महिन्यांनी नववीच्या चौदा हजारांहून जास्त मुलामुलींना विचारलं गेलं. शाळा कशी वाटते? शिक्षक तुमचं ऐकून घेतात का? शाळा आपली वाटते का? कुणी छळतं का, मारतं का? गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, झोप लागते का?

‘मित्र’ असलेल्या शाळांमध्ये जवळजवळ सगळी उत्तरं सुधारली होती. शाळेचं वातावरण मुलांना स्पष्टपणे चांगलं वाटत होतं, उदासीची लक्षणं कमी झाली होती, दादागिरी आणि मारहाण घटली होती, मुलगा-मुलगी समानतेबद्दलची मतंही बदलली होती. आणि शिक्षकांनी तेच कार्यक्रम राबवलेल्या शाळा? त्यांच्यात आणि काहीच न केलेल्या शाळांमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता.

हा निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दुसऱ्या वर्षीही मोजणी झाली, तीही प्रसिद्ध झाली. ‘मित्रां’च्या शाळांमधला फायदा ओसरला नव्हता, उलट वाढला होता. शिक्षकांच्या गटात दुसऱ्या वर्षीही फारसं काही हललं नाही.

शिक्षणखातं आणि आरोग्यखातं या दोघांच्या हद्दीवर उभा असलेला हा प्रयोग मला गेल्या काही वर्षांतल्या भारतीय संशोधनातला सगळ्यात उपयोगी प्रयोग वाटतो. आपल्याकडे शाळेतल्या मानसिक आरोग्याची चर्चा ‘काय शिकवायचं’ यावर सुरू होते आणि तिथेच संपते. पुस्तकात धडा घाला, तासिका ठेवा, पोस्टर लावा, ‘तणावमुक्त परीक्षा’ नावाचं व्याख्यान ठेवा. नालंदाच्या शाळांनी दाखवलं की मजकूर तोच असला तरी तो कोण राबवतं यावर सगळं अवलंबून असतं.

सेहर प्रकल्प गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेचा. अहवालाचे पहिले लेखक सचिन शिंदे, आणि या सगळ्या कामामागचं सर्वात परिचित नाव विक्रम पटेल यांचं. पटेल मूळचे मुंबईचे, एमबीबीएस ग्रँट मेडिकल कॉलेजचं. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग लंडनमध्ये मानसोपचाराचं शिक्षण. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते झिम्बाब्वेत गेले. जाताना डोक्यात असं होतं की नैराश्य ही पाश्चात्त्य डॉक्टरांनी चिकटवलेली पाटी आहे, गरीब देशातल्या माणसाचं दुःख म्हणजे त्याच्या परिस्थितीचं दुःख. तिथे प्रत्यक्ष रुग्णांशी बोलल्यावर मत बदललं. नाव वेगळं, सांगायची रीत वेगळी, पण त्रास तोच, आणि उपचारांनी बरा होणारा. पण उपचार करणार कोण? अख्ख्या देशात मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच.

त्यांच्या पुढच्या तीस वर्षांच्या कामाचं मूळ याच प्रश्नात आहे. १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत गोव्यात ‘संगत’ सुरू केली. आज ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात जागतिक आरोग्याचा विभाग चालवतात, पण त्यांच्या बहुतेक मोठ्या प्रयोगांची जमीन गोवा, दिल्ली, बिहार, मध्य प्रदेश हीच आहे.

गोव्यातला ‘मानस’ प्रयोग आधी समजून घ्यायला हवा, कारण शाळेतल्या कामाची कल्पना तिथून आली. तोही ‘लॅन्सेट’मध्येच, २०१० साली छापला गेला. प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘अंग दुखतं, झोप लागत नाही, थकवा जात नाही’ म्हणत येणाऱ्या लोकांमध्ये नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण बरेच असतात. निम्म्या केंद्रांमध्ये एक प्रशिक्षित सामान्य व्यक्ती नेमली. ती रुग्णाशी बोलायची, आजार समजावून सांगायची, पाठपुरावा ठेवायची. गरज पडली तर डॉक्टर आणि त्याच्याही वर मानसोपचारतज्ज्ञ होतेच. सरकारी केंद्रांमध्ये सहा महिन्यांनी अशी व्यक्ती असलेल्या ठिकाणचे ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, नसलेल्या ठिकाणचे ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र दोन्हीकडे सारखंच चित्र होतं. बहुधा तिथले फॅमिली डॉक्टर मुळातच रुग्णाला वेळ देत असावेत.

यातून जो विचार पुढे आला त्याला जगभर कामाची वाटणी म्हणतात. तज्ज्ञाने करायच्या कामातला शिकवता येण्यासारखा भाग साध्या माणसाला नीट शिकवायचा, त्याच्यावर देखरेख ठेवायची, आणि तज्ज्ञाने अवघड रुग्ण बघायचे. भारतात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता भरत नाही. तेव्हा या विचाराला पर्याय काय, हा प्रश्न मी अनेक टीकाकारांच्या लेखांत शोधला. समाधानकारक उत्तर सापडलं नाही.

आता मुलांकडे. पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये देशभरातल्या मृत्यूंच्या मोठ्या पाहणीतून आत्महत्यांचा हिशेब मांडला. २०१० साली आत्महत्येने गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४० टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ५६ टक्के १५ ते २९ वयाचे होते. एकट्या विद्यार्थ्यांचा आकडा हवा असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२१ साली १३,०८९ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. कोटा शहराच्या बातम्या वाचताना ‘तिकडचं’ म्हणून पान उलटायची सोय आपल्याला नाही.

पण आकड्यांबाबत एक गोष्ट सांभाळून वाचायला हवी. किती मुलांना मानसिक आजार आहे, या प्रश्नाचं उत्तर पाहणीगणिक बदलतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के असा आकडा आला. गोव्यात ‘संगत’च्याच लोकांनी १२ ते १६ वयाच्या दोन हजारांवर मुलांचा अभ्यास केला होता, तो २००८ साली छापला गेला. त्यात आकडा आला फक्त १.८ टक्के. मोजमाप वेगळं, निकष वेगळे, वयं वेगळी. त्यामुळे ‘दर इतक्या मुलांमागे एक’ असली वाक्यं पुढे पाठवताना जरा हात आखडता घ्यावा. गोव्याच्या त्या अभ्यासातला मला जास्त महत्त्वाचा वाटणारा भाग आकड्याच्या पुढचा आहे. अभ्यासात येणाऱ्या अडचणी, अंगावर येणारी मारहाण किंवा शिवीगाळ, असुरक्षित वस्ती, तंबाखू या गोष्टी आजाराच्या जोडीने सापडल्या. ज्यांना आधारासाठी पहिलं घर आठवत होतं, त्यांच्यात आजार कमी होता. म्हणजे मुलाचं मन त्याच्या डोक्यात एकटं राहत नाही. ते वर्गात, घरात, गल्लीत वाढतं.

म्हणूनच ‘सेहर’ने मुलांपेक्षा आधी शाळेला हात घातला. गावात जुलाबाची साथ आली की आरोग्यसेविका सलाईन लावते, गोळ्या देते, पण त्याच दिवशी विहिरीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडरही पडते. शाळेच्या बाबतीत आपण वर्षानुवर्षं फक्त गोळ्यांचा विचार केला. कोण बिघडलंय ते शोधा आणि त्याला कुणाकडे तरी पाठवा. विहिरीकडे कुणी बघायचं?

या विचाराला आधार होता मेलबर्नमधल्या ‘गेटहाउस’ प्रकल्पाचा. मुलाला शाळेत सुरक्षित वाटावं, कुणाशी तरी त्याचं नातं असावं आणि त्याची दखल घेतली जावी, या तीन गोष्टींवर तिथल्या संशोधकांनी काम केलं होतं. ‘संगत’नेही आधी गोव्यातल्या काही शाळांत साध्या समुपदेशकांकडून आरोग्याचा असा कार्यक्रम चालवून पाहिला होता. नालंदा ही त्याच्या पुढची पायरी. (जिल्ह्याचं नाव ऐकून प्राचीन विद्यापीठ आठवतंच. ते राहू द्या. इथे प्रश्न नववीतल्या मुलांचा होता.)

सेहर मित्र नेमकं करायचा काय? काम तीन थरांत होतं. पहिला थर अख्ख्या शाळेचा. मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि मुलं यांची आरोग्य समिती. परिपाठाच्या वेळी एखाद्या विषयावर बोलणं. दर महिन्याला भित्तिपत्रक, त्यासाठी मुलांनीच लिहायचं, चित्रं काढायची. आणि एक पेटी.

या पेटीपाशी थोडं थांबू. तक्रारपेटी आपल्याकडेही शाळाशाळांत आहे, सरकारी आदेशानेच लावलेली. कार्यालयाच्या दाराशी, शिपाई आणि लिपिक दिवसभर ज्या दिशेने बघत असतात नेमकी तिथे. कुलूप गंजलेलं, किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. अशा पेटीत चिठ्ठी टाकायला मूल कशाला जाईल? सेहरच्या शाळांमधली पेटीही दिसायला तशीच, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. फरक इतकाच की ती उघडण्याचं काम कुणाच्या तरी नावावर होतं. चिठ्ठीतली अडचण समितीपुढे, शाळेपुढे मांडायची, आणि तिचं काय झालं ते मुलांना कळवायचं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, ही तक्रार वरवर पाहता मानसिक आरोग्याची नाही. पण मुलीने चिठ्ठी टाकली आणि पंधरा दिवसांत कडी बसली, तर शाळेत आपलं कुणी ऐकतं हे तिला कळतं. ‘शाळेचं वातावरण’ असल्याच गोष्टींचं बनलेलं असतं.

दुसरा थर गटांचा: दादागिरी, व्यसनं, अभ्यासाच्या पद्धती अशा विषयांवर मुलांची शिबिरं, मुलांचे आपापसातले गट. तिसरा थर एकट्या मुलाचा: ज्याला गरज आहे त्याच्याशी बसून बोलणं.

एकेकट्या मुलाशी बोलण्याच्या या पद्धतीवर पुढे पटेल यांच्या गटाने दिल्ली आणि गोव्यात ‘प्राइड’ नावाचा स्वतंत्र प्रकल्प केला. त्यातली रीत साधी आहे, तीन पावलांची. अडचण नेमकी कुठली ते ठरव, उपाय काय काय असू शकतात ते मांड, एक निवड आणि करून बघ. समजा, नववीतली मुलगी सांगते, ‘माझं काहीच होणार नाही.’ एवढ्या मोठ्या वाक्याशी कुणालाच भांडता येत नाही. समुपदेशक विचारतो, आज त्यातलं सगळ्यात टोचणारं काय? मग निघतं की घर एका खोलीचं आहे, संध्याकाळी टीव्ही चालू असतो, अभ्यास होत नाही, गणितात मागे पडतेय आणि वर्गात उभं केलं की लाज वाटते. आता उपाय: पहाटे उठणं, शेजारच्या मैत्रिणीकडे बसणं, आईशी बोलून टीव्हीची वेळ ठरवणं, सरांना आधी गाठून शंका विचारणं. ती यातला एक निवडते. काही दिवसांनी परत भेट. जमलं तर पुढचं, नाही जमलं तर दुसरा उपाय. एकेक भेट वीस-पंचवीस मिनिटांची, तीन आठवड्यांत चार-पाच भेटी. शाळेच्या मधल्या सुट्टीत किंवा ऑफ तासाला बसेल एवढंच हे मोजूनमापून केलेलं काम आहे.

दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांमध्ये सुमारे २५० मुलांवर हे पारखून पाहिलं गेलं. निम्म्यांना समुपदेशक आणि चित्रकथेच्या पुस्तिका, निम्म्यांना नुसत्या पुस्तिका. निकाल २०२० मध्ये आला आणि तो संमिश्र होता. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी समुपदेशकाच्या गटात जास्त हलक्या झाल्या. पण लक्षणांच्या ठरावीक प्रश्नावलीवर सहा आठवड्यांनी दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. संशोधकांनी दोन्ही गोष्टी तशाच छापल्या. मला या गटाबद्दल विश्वास वाटतो तो अशा ठिकाणी.

याच प्रकल्पातली आणखी एक छोटी बाब शाळांच्या उपयोगाची आहे. समुपदेशक आला तरी मुलं त्याच्याकडे जातात कुठे? ‘तिकडे गेलो तर वेडा म्हणतील’ ही भीती असते. वर्गात एक छोटा तास घेऊन, चलतचित्र दाखवून, कुणाकुणाला जाता येतं आणि तिथे काय होतं हे सांगितलं, तर स्वतःहून येणाऱ्या मुलांची संख्या चांगलीच वाढते, असं दिसलं. शाळेच्या फलकावर ‘समुपदेशन कक्ष’ लिहून काम होत नाही, ते यामुळे.

आता मूळ कोड्याकडे. शिक्षकांकडून तेच काम का झालं नाही?

झटक्यात निघणारा निष्कर्ष म्हणजे ‘शिक्षकांना पडलेली नसते’. तो अन्यायाचा आहे. कारणं दोन, आणि दोन्ही शिक्षकाच्या स्वभावात नाहीत, त्याच्या जागेत आहेत.

पहिलं कारण वेळ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना विचारा. मतदार यादी, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, कुठलं ना कुठलं ऑनलाइन पोर्टल, एखाद्या अभियानाचे फोटो आजच्या आज व्हॉट्सॲप ग्रुपवर. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून अशैक्षणिक कामं द्यायला मनाई केलेली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर त्याहून पुढे जाऊन निवडणुकीचं आणि माध्यान्ह भोजन शिजवण्याचं कामही शिक्षकांना नको म्हटलंय. कागदावर हे सगळं आहे, आणि गुरुजी यादी घेऊन दारोदार आहेत. अशा माणसाच्या कामात आणखी एक कार्यक्रम घातला की तो उरलेल्या वेळात होतो. उरलेला वेळ नसतो.

दुसरं कारण जास्त खोल आहे. जो माणूस गुण देतो, हजेरी घेतो, पालकांना बोलावतो, आणि अजूनही कुठे कुठे हात उचलतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळं करणार कसं? त्याच्या त्रासाचा एक भाग कदाचित तोच शिक्षक असेल. शिक्षक कितीही प्रेमळ असो, वर्गातलं त्याचं स्थान अधिकाराचं असतं. सेहर मित्राच्या हातात ना गुण होते ना छडी.

एक गोष्ट इथेच नोंदवू. मानसिक आरोग्याचा कार्यक्रम शिक्षकांमार्फत सगळ्यांना एकसारखा देऊन फायदा होत नाही, हा अनुभव फक्त बिहारचा नाही. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांत आणि आठ हजारांवर मुलांत सजगतेचे, म्हणजे ‘माइंडफुलनेस’चे धडे वर्गावर्गांत देऊन पाहिले. २०२२ मध्ये निकाल आला: नेहमीच्या शाळांपेक्षा मुलांच्या मानसिक स्थितीत फरक नाही. तिथे कारणं वेगळीही असतील, पण ‘तासिका वाढवा’ हे उत्तर पुरेसं नाही एवढं त्यातून दिसतं.

आणि आपलं धोरण? डिसेंबर २०१८ मध्ये सेहरचा निकाल जगासमोर होता. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शाळा आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत करायचं, आणि त्यांनी आठवड्याला तास घेऊन अकरा विषय शिकवायचे, त्यात भावनिक आणि मानसिक आरोग्य हा एक. म्हणजे नालंदात जो गट निष्फळ ठरला होता, नेमका तोच नमुना देशभर. योजनेचे इतर विषय आहेत, पोषण, स्वच्छता वगैरे; तिथे शिक्षक उपयोगी पडतही असतील. पण मनाच्या बाबतीत पुरावा एका दिशेला आणि आदेश दुसऱ्या दिशेला गेला. यात कुणाचा दुष्ट हेतू नाही. शिक्षक पगारावर आहेतच, नवं पद निर्माण करावं लागत नाही, वित्त विभाग हरकत घेत नाही. आपल्याकडे धोरणं बहुतेक वेळा अशीच ठरतात.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात हात घातला. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या; कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या शक्यतो पाडायच्या नाहीत. ही शेवटची सूचना मला विहिरीतल्या पावडरीसारखी वाटते. ‘टॉपर बॅच’ आणि ‘रिपीटर बॅच’ अशा पाट्या लावणाऱ्या क्लासेसना ती झोंबायला हवी.

पण शंभरचा नियम जमिनीवर आणून बघा. डोंगरी तालुक्यात, वाड्यावस्त्यांवर दोन शिक्षकी शाळा आहेत, पटसंख्या वीस-पंचवीस. त्यांना ‘बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्या’ म्हणजे कुठल्या? तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ नाही, जिल्हा रुग्णालयात आठवड्यातले ठरावीक दिवस. अशा ठिकाणी पटेल यांच्या गटाचा धडा जास्त लागू पडतो. एका केंद्रशाळेखालच्या आठ-दहा शाळांमध्ये फिरणारा एक प्रशिक्षित माणूस, आणि त्याच्या पाठीशी फोनवर बोलू शकणारा तज्ज्ञ. राष्ट्रीय धोरणात शाळासंकुल आणि त्यासाठी समुपदेशक ही कल्पना आहेच. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मुलाने जीव नकोसा झाल्याचं बोलून दाखवलं तर शाळेची वाट न बघता पालकांनी किंवा मुलाने स्वतःही तिथे फोन करावा.

सेहरवर शंका घ्यायला जागा नाही असं नाही. मुलांनी स्वतः भरलेल्या उत्तरांवर सगळं मोजमाप आहे. आपल्या शाळेत मित्र आलाय हे मुलांना दिसत होतंच, तेव्हा त्याला बरं वाटावं म्हणूनही काहींनी चांगलं लिहिलं असेल. फायदा इतका मोठा दिसला की एखादा सांख्यिकीतज्ज्ञ भुवया उंचावेल. जिथे आधी काहीच नव्हतं तिथे थोडंही फार वाटतं, हे त्याचं एक कारण असू शकतं. पुण्या-मुंबईच्या खाजगी शाळेत तोच माणूस पाठवला तर तेवढाच फरक पडेल, असं कुणी गृहीत धरू नये.

माझी खरी काळजी वेगळी आहे. ‘साधा प्रशिक्षित माणूस पुरतो’ हे वाक्य सरकारी कानांना फार गोड लागतं. त्याचा अर्थ ‘स्वस्त माणूस पुरतो’ असा व्हायला वेळ लागत नाही. आशाताई आणि अंगणवाडीताईंचं काय झालं ते आपण बघतोय: काम पूर्णवेळ, नाव स्वयंसेविका, मोबदला मानधन, आणि मानधनवाढीसाठी दर काही महिन्यांनी आझाद मैदान. संशोधनात मित्रामागे देखरेख होती, नियमित मार्गदर्शन होतं, आणि त्याचा खर्च देणगीदारांनी उचलला होता. त्यातलं मार्गदर्शन काढून टाकलं आणि माणूस तेवढा ठेवला, तर नालंदाचा निकाल परत येणार नाही.

तेव्हा तुमच्या मुलाच्या शाळेत समुपदेशक नेमल्याचं पत्रक आलं, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या सभेत काही गोष्टी विचारून घ्या. हा माणूस एखादा विषयही शिकवतो का? म्हणजे गुण त्याच्या हातात आहेत का? आठवड्यातले किती तास त्याचे फक्त याच कामासाठी आहेत, आणि सहामाही-वार्षिकच्या काळात त्याला पर्यवेक्षणाला बसवणार का? मूल त्याला जे सांगेल ते वर्गशिक्षकांपर्यंत जाणार का, आणि जाणार असेल तर कुठल्या परिस्थितीत? त्याला अडलं तर तो कुणाला विचारतो? तक्रारपेटी कुठे लावली आहे, आणि तिची किल्ली कुणाकडे असते?